बुधवारचे दोन तुकडे

“तुझा रस्सा भातावर. माशाला लागू देणार नाही, माहीत आहे. पुढे हो.”

डाव बुडाला, कलला, ताट सरकलं.

“तुला बुडवून. पुढे.”

“मावशी, आज जरा कमी…”

“कमी तुला कधी पुरलाय? परत येशील आणि रांग अडवशील. घे गुपचूप. पुढे.”

पंपांच्या कारखान्याचं कँटीन. काउंटरवर आधी भात, मग डाळ, मग भाजी. बुधवार असला तर तळणवाला चिमट्याने माशाचे दोन तुकडे ठेवायचा. शनिवारी मांस असायचं. सगळ्यात शेवटी ताट मावशीच्या डावाखाली यायचं. रस्सा तीच करायची, तीच वाढायची. एकतीस वर्षं झाली. दुपारच्या पाळीला दोनशे चाळीस माणसं जेवत, आणि ‘रस्सा हवा का’ हा प्रश्न तिने त्यातल्या एकालाही विचारला नव्हता. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ती त्याचं ताट फक्त परत येताना बघायची. काय उरलंय, कुठे उरलंय, कशाला कशापासून लांब सारलंय. पुढच्या खेपेला त्याचं ताट बिनचूक.

“तुमचा हात आहे की वजनकाटा?” तळणवाला म्हणायचा.

“वजनकाटा बिघडतो,” मावशी म्हणायची.

*

स्टोअरकीपर: रस्सा वाटीत. आधी तो पिऊन टाकतो, मग मासा कोरडा खातो आणि पाणी मागत बसतो.

मॅनेजर: मांसावर चालतो, माशावर नाही. कारण विचारू नये. अर्धा तास जातो.

रंगकामावरचे दोघे भाऊ: थोरल्याला रस्सा, धाकट्याला कोरडं. बाकावर बसले की दोघं ताटांची अदलाबदल करतात. एकदा मावशीने मुद्दाम आधीच उलटं वाढलं. त्यांनी तरीही अदलाबदल केली.

क्रेनवाला: बुडवून. वर आणखी एक डाव. मग शर्टावर.

लेथवाला: कोरडा. एक कागद.

*

लेथवाल्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मावशी त्याला मानायची.

सव्वीस वर्षं त्याने रश्श्याचा एक थेंब घेतला नाही. ताट डावाखाली आलं की तो डावा तळवा ताटावर आडवा धरायचा, छत्री धरावी तसा. मग काउंटरवरच्या गठ्ठ्यातून एक टिपकागद उचलायचा. तळणीतून काढलेलं तेल टिपायला ते कागद ठेवलेले असायचे. कागद घेऊन तो मागच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचा, एकटा. ताट परत यायचं ते लख्ख. एक काटासुद्धा मागे नाही.

मावशीला स्वतःच्या रश्श्याचा अभिमान होता. दाट, लाल, वाढला की जागेवर बसणारा, ओघळून भाजीत न शिरणारा. शेजारच्या कारखान्यातली माणसं ओळख काढून तो खायला येत. पण तळणवाल्याजवळ ती म्हणायची, “रस्सा हा पांघरूण आहे. मासा बरा असो, वाईट असो, खाली झाकून जातो. त्या लेथवाल्याला मासा कळतो. तेलसुद्धा टिपून खातो, बघ. काटेही चावून खात असणार. ही खरी जीभ.”

“मग तुम्ही रस्सा करता कशाला?”

“बाकीच्या दोनशे एकोणचाळीस जणांना पांघरूण लागतं म्हणून.”

लेथवाला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. त्याचं नाव निघालं की मावशीचा डावा तळवा आपोआप आडवा व्हायचा.

*

तर त्या बुधवारी क्रेनवाला रांगेत आला आणि दुसरा डाव मागितला नाही.

“काय रे, पोट बिघडलं?”

“लेथवाले पडले, मावशी. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. पण सहा दिवस तोंडात काही घेत नाहीत. बोलतही नाहीत. काल मी गेलो तर माझ्याकडे बघितलं आणि परत खिडकीकडे बघायला लागले.”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“उद्या दुपारपर्यंत बघणार. नाहीच काही पोटात गेलं तर नाकातून नळी. या वयात एकदा नळी लागली की माणूस उठत नाही म्हणतात, मावशी. मागे माझ्या काकांचं तसंच झालं.”

“हॉस्पिटलात खायला काय देतात?”

“जे सगळ्यांना देतात ते. तीन कप्प्यांचं ताट असतं. भात, काहीतरी मासा नाहीतर कोंबडी, सगळ्यावर रस्सा ओतलेला.”

मावशीने डाव पातेल्याच्या काठावर ठेवला.

“ओतलेला,” ती म्हणाली. “मग कसा जेवेल तो? दहा डॉक्टर आहेत तिथे आणि एवढी साधी गोष्ट एकालाही कळत नाही?”

मागची रांग ओरडायला लागली. मावशीने पुढची सत्तर ताटं वाढली, एकही न चुकता, पण एकदाही ‘पुढे हो’ म्हणाली नाही.

*

संध्याकाळची भेटीची वेळ चार ते सहा. दुसरा मजला, पुरुष विभाग, खिडकीजवळची खाट. मावशीने स्टीलच्या डब्यात दोन तुकडे नेले होते. पोटाकडचे, काटे काढलेले, कोरडे, कडा कुरकुरीत. जाताना तळणवाल्याला सांगून गेली, “नळीबिळी काही लागत नाही. येतेच मी अर्ध्या तासात.”

खाटेजवळ लेथवाल्याची मुलगी बसली होती. मावशीने ओळख सांगितली. मुलगी उठून उभी राहिली.

“कँटीनच्या मावशी? बाबा तुमच्याबद्दल बोलायचे.”

“बोलणारच,” मावशी म्हणाली.

लेथवाला अर्ध्याहून अधिक उशीत बुडाला होता. गाल आत गेले होते. हात मात्र तेच होते, चपट्या बोटांचे, आणि ते पांघरुणाच्या कडेशी काहीतरी करत होते. कड उचलायची, दुमडायची, दाबायची. पुन्हा उचलायची.

“दिवसभर असंच चालतं,” मुलगी म्हणाली. “चादरीच्या घड्या घालतात.”

“लेथवाले,” मावशी मोठ्याने म्हणाली. कँटीनमध्ये ती याहून हळू कधी बोलली नव्हती. “बघा काय आणलंय. कोरडा. एक थेंब नाही.”

डबा उघडला. लेथवाल्याने डब्यात पाहिलं. मावशीकडे पाहिलं, आणि ओळखलं, यात शंका नाही, कारण डावा तळवा चादरीवरून किंचित वर आला. मग त्याने एक तुकडा उचलला, उलटून पाहिला, सुलटून पाहिला आणि जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला. तोंड खिडकीकडे.

मावशीने तुकड्याचा लहान घास मोडून त्याच्या ओठांपर्यंत नेला. ओठ मिटलेलेच.

सिस्टर औषधाची गाडी ढकलत आली. “गिळता येतं त्यांना, तपासलंय आम्ही. तोंडच उघडत नाहीत. काका, उद्या दुपारी बाराची मुदत आहे हं तुमची.”

मावशीने डब्याचं झाकण लावलं. एकतीस वर्षांत तिचं ताट असं भरलेलं परत आलं नव्हतं.

*

व्हरांड्यात, खिडकीच्या कट्ट्यावर, डबा दोघींच्या मध्ये.

“तुम्ही कोरडा का आणलात?” मुलीने विचारलं.

“कोरडाच खातात ते.”

“बाबा?”

“सव्वीस वर्षं वाढलंय मी. एक थेंब घेतला नाही कधी.”

“मावशी, घरी बाबा रश्श्याशिवाय मासा तोंडात घालायचे नाहीत. वाटी पालथी करून शेवटचा थेंब जिभेवर घ्यायचे. आई ओरडायची, लहान आहात का म्हणून.”

“आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय ना?”

“बुधवारचा मासा ना? कागदात बांधून आणायचे तो?”

मावशीने डब्याकडे बघितलं.

“दोन तुकडे असायचे,” मुलगी म्हणाली. “एक आईचा, एक बाबांचा. आम्हाला नाही हं मिळायचा. मी आणि दादा दारात उभं राहून बघायचो. आई म्हणायची, तुमचं उद्या करते, बुधवार आमचा. सकाळपासून रस्सा तयार असायचा तिचा. शेजारीण चिडवायची, अगं रस्सा झाला पण मासा कुठाय? आई म्हणायची, कामावर गेलाय, सहाला सुटेल.”

“कागदात,” मावशी म्हणाली.

“हो. चार घड्या घालून. रश्श्यातला असता तर आणता आला नसता ना. आम्हाला वाटायचं कँटीनमध्ये खूप वाढतात, उरलेलं आणतात.”

“दोनच मिळतात. मॅनेजरलासुद्धा दोनच.”

ताटं लख्ख का यायची, काटे कुठे जायचे, तेल टिपायला एवढा मोठा कागद कशाला लागायचा. मावशीच्या समोर सव्वीस वर्षांचे बुधवार एकामागून एक रांगेत येऊन उभे राहिले, आणि सगळ्यांना तिने चुकीचं वाढलं होतं. म्हणजे वाढलं होतं बरोबर. समजलं होतं चुकीचं.

“आणि माझा रस्सा?” तिने विचारलं. “त्याबद्दल काय म्हणायचे?”

मुलीने मान खाली घातली.

“सांग. मला राग येत नाही.”

“म्हणायचे, बाई फार चांगली आहे.”

“पुढे.”

“पण रस्सा खळीसारखा करते. भिंतीला कागद चिकटवता येतील.”

मावशी हसली नाही. मग एकदम हसली, इतक्या जोरात की आतून सिस्टरने डोकं बाहेर काढलं.

“आई कुठे आहे?”

“आठ महिने झाले जाऊन.”

मावशीचं हसू थांबलं. तिने डबा मांडीवर घेतला.

“तो रस्सा तुला येतो?”

“नाही. कधी खाल्लाच नाही. एकदा बोट घातलं होतं वाटीत, तर मार खाल्ला.”

“बोट चाटलंस की पुसलंस?”

“चाटलं.”

“मग सांग. सगळं सांग.”

*

रंग?

“रंगच नव्हता. वाटीच्या तळाला एक निळं फूल आहे. रस्सा भरलेला असला तरी ते फूल दिसायचं.”

आंबट होता?

“आंबट. मागून तिखट, पण मिरचीचं नाही. घशात उबदार.”

मिरी. आंबट कशाचं? दह्याचं असतं तर फूल दिसलं नसतं.

“लिंबाच्या साली असायच्या केरात. बुधवारी.”

लसूण?

“माहीत नाही. पण कांदा जाळायची. चांगला काळा करायची. शेजारीण विचारायची, काही करपलं का म्हणून.”

आणि कांदा दिसायचा नाही रश्श्यात?

“नाही.”

गाळायची तर. मासा रश्श्यात शिजवायची का, परत गरम करायची का?

“छे. मासा गारच. कागद ताटातच उघडायचे. रस्सा मात्र इतका गरम की वाटी फडक्याने धरायची. वरून ओतायची, पण सगळ्यावर नाही. निम्म्यावर. निम्मा तुकडा कुरकुरीत राहायचा.”

मावशीने डोळे मिटले. तिचा उजवा हात हवेत थोडा कलला.

“कुणी ओतायचं? ती की ते?”

“बाबा. तिच्या तुकड्यावरही तेच ओतायचे. तुझा हात जड आहे म्हणायचे.”

“ती वाटी आहे अजून?”

“आहे.”

“उद्या घेऊन ये. साडेअकराला.”

*

गुरुवारी कँटीनमध्ये भाजीचा दिवस असतो. सकाळी आठ वाजता मागच्या शेगडीवर कांदा जळायला लागला तेव्हा तळणवाला धावत आला.

“मावशी, करपतंय.”

“करपू दे.”

“बरं वाटत नाहीये का तुम्हाला?”

“तू बाजारातून आणलेले दोन तुकडे तळ. कडक. तळून गार होऊ देत. आणि मला टिपकागद दे, आपल्या गठ्ठ्यातला. तोच.”

जळका कांदा, ठेचलेला लसूण, भरडलेली मिरी, पाणी. उकळी. फडक्यातून गाळलं. शेवटी लिंबू, आच बंद केल्यावर. मावशीने डाव भरून उजेडाकडे धरला. डावाच्या तळाचा ओरखडा स्वच्छ दिसत होता.

तळणवाल्याने डोकावून पाहिलं. “रस्सा कुठाय?”

“हाच.”

“हे तर हात धुवायचं पाणी झालं.”

मावशीने चमचाभर त्याला दिलं. त्याने तोंडात घोळवलं, गिळलं आणि रिकामा चमचा परत पुढे केला.

“नाही,” मावशी म्हणाली. “हा तुझा नाही.”

तिने स्वतः एक थेंब तळहातावर घेऊन चाटला. वाईट वाटून घ्यायला जागाच नव्हती. चांगला होता. रस्सा पांघरूणच असला पाहिजे असं नाही, हे तिला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एका कधी न पाहिलेल्या बाईकडून कळलं होतं, आणि शिकवणारीला विचारायच्या राहिलेल्या दोन-तीन गोष्टी तिच्याजवळ होत्या. पण हाताला शंका नव्हती. थर्मासचं झाकण तिने घट्ट फिरवलं.

*

(त्यानंतरच्या बुधवारचं आताच सांगायला हवं. रांग लागली, क्रेनवाल्याचं ताट डावाखाली आलं.

“रस्सा कसा हवा?” मावशीने विचारलं.

क्रेनवाला मागे वळून बघायला लागला. “कुणाला विचारताय?”

“तुला.”

“मावशी, तुम्हाला माहीत आहे की.”

“माहीत आहे. तरी सांग.”

त्याने विचार केला. बराच वेळ केला. रांग कुरकुरायला लागली. “खरं सांगू?” तो म्हणाला. “थोडा कमीच.”

त्या दिवशी जेवण वीस मिनिटं उशिरा आटोपलं. रंगकामावरच्या थोरल्या भावाने कोरडं मागितलं, धाकट्याने रस्सा. बाकावर बसल्यावर दोघांनी ताटं बदलली.)

*

गुरुवार. पावणेबारा.

सिस्टरने नळीचा ट्रे शेजारच्या टेबलावर आणून ठेवला होता, वर पांढरं फडकं. मुलगी वाटी घेऊन उभी होती. खाटेचं डोकं वर केलं होतं. लेथवाला खिडकीकडे बघत होता आणि बोटं चादरीची कड दुमडत होती.

मावशी या वेळी मोठ्याने बोलली नाही. मुळीच बोलली नाही. तिने पिशवीतून कागदाचा पुडा काढला आणि त्याच्या मांडीवर, चादरीच्या त्या दुमडलेल्या कडेवर ठेवला. न उघडता.

बोटं थांबली.

पुड्यावर तेलाचे डाग होते. लेथवाल्याने खिडकीतून नजर काढली. कागदाला हात लावला. एक घडी उघडली. दुसरी. तिसरी, चौथी. दोन तुकडे शेजारी शेजारी.

मुलीने वाटी टेबलावर, नळीच्या ट्रेशेजारी ठेवली. मावशीने थर्मास उघडला आणि फूल बुडेपर्यंत ओतलं. फूल दिसत राहिलं. वाफ वर गेली तशी लेथवाल्याची मान वाफेच्या मागे गेली.

मुलगी वाटी उचलायला वाकली. मावशीने तिचं मनगट धरलं.

वाटी त्याने स्वतः उचलली. चादरीची कड बोटांत धरून, चटका बसू नये म्हणून. लेथवर तीस वर्षं काढलेला हात होता. धार कागदाबाहेर गेली नाही. एका तुकड्यावर, निम्म्यावर, नेमकी. मग वाटी खाली. मग ओल्या आणि कोरड्याच्या सीमेवरचा घास बोटांनी मोडला आणि तोंडात घातला.

सिस्टर दारात उभी होती. घास बराच वेळ चालला.

“मीठ कमी आहे,” लेथवाला म्हणाला.

सात दिवसांनी आलेला आवाज गंजलेला होता.

“हे सांगायला सव्वीस वर्षं लागली,” मावशी म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या एका गालावर काहीतरी हललं. मग तो खात राहिला. सावकाश, शेवटपर्यंत, कागदावरचा चुरासुद्धा बोटाने टिपून. सिस्टरने येऊन नळीचा ट्रे उचलला. “हा दुसराही घ्या ना, काका. ताकद येईल,” ती जाता जाता म्हणाली.

मुलीने दुसरा तुकडा त्याच्याकडे सरकवला. त्याने त्याच्यावर तळवा आडवा धरला. छत्री धरावी तसा.

“बाबा,” मुलगी म्हणाली.

त्याने कागद उचलला. एक घडी घातली, नखाने दाबली. दुसरी. तिसरी. चौथी. पुडा उशीशेजारच्या टेबलावर ठेवला. वाटीत निम्मा रस्सा उरला होता. त्याच्यावर बशी झाकली आणि वाटी पुड्याला लागून सरकवली. मग हात चादरीवर ठेवून तो खिडकीकडे बघत बसला. बोटं आता स्वस्थ होती. सहा वाजायला अजून बराच वेळ होता.